काहिलीची दुसरी कड

१

दसऱ्याची सुट्टी लागली की निपाणीतले मास्तर एक तर सासुरवाडी गाठतात, नाहीतर घराला चुना मारत बसतात. सिद्राम यातलं काहीच करणार नव्हता. तो धरणातल्या बेटावर राहायला निघाला होता, तेही एकटा. १९७९ साल होतं. हवापालट करायचा तर माणसं गोव्याला किंवा आंबोलीला जात. घटप्रभेच्या नव्या धरणात एक गाव बुडालं होतं आणि त्याच्यामागचं टेकाड तेवढं पाण्यावर उरलं होतं. तिथं मुक्काम ठोकायचं खूळ हायस्कुलात आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माशांचे पेपर तपासणार काय, असं भूगोलाच्या मास्तरांनी विचारून घेतलं.

पण हसणाऱ्यांनाही ठाऊक होतं, हा का चाललाय ते. त्याची बायको सुनंदा वैशाखात गेली होती. काविळीचं निमित्त झालं आणि बघता बघता सगळं आटोपलं. त्यानंतर सिद्राम शाळेत जात होता, विज्ञान शिकवत होता, पुढ्यात येईल ते जेवत होता. फक्त पोरीला जवळ घेत नव्हता. यशोधरा सात वर्षांची, तोंडवळा थेट आईचा. ती मांडीवर येऊन बसली की हा पाणी प्यायला म्हणून उठायचा आणि परत यायचाच नाही. आपण हे करतो हे त्याला कळत होतं, त्याची लाजही वाटत होती, आणि तरीही तो उठायचा.

पोरगी सध्या त्याच्या थोरल्या बहिणीकडं, तानीबाईकडं होती. निघताना तानीबाईनं त्याला दारातच अडवलं.

"जा. पाण्यात मनासारखं डुंब. ल्हान असताना नदीतनं भाईर निघत न्हवतास. पर येताना माणसात ये रं. पोरीला बाप पायजे, भितीवरचा फोटू न्हाय."

"येतो की आक्का. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी काठावर येऊन उभा राहतो."

"मीच पोरीला घिऊन न्यायला येतो बघ," तानीबाई म्हणाली. या भागात बायकाही 'येतो'च म्हणतात, आणि म्हटलं की येतातच.

२

बेटावर एक खोली होती. धरणाच्या मोजणीच्या वेळी साहेबलोकांसाठी बांधलेली. सिद्रामचा जुना दोस्त श्रीपाद ओव्हरसियर होता, त्यानं किल्ली मिळवून दिली. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, एक खिडकी, एक बाज. दार फुगलेलं होतं, त्यामुळं ते पूर्ण लागत नसे. आत बसलं की फटीतून पाण्याची उभी पट्टी दिसायची. आवाज म्हणाल तर पाण्याचा आणि पत्र्याचा. उन्ह चढलं की पत्रा तडतडायचा, उतरलं की परत तडतडायचा. एरवी इतकं शांत की स्टोव्ह विझवला की सिद्रामला आपण काहीतरी चुकीचं केल्यासारखं वाटायचं.

होडीतून सोडायला भरमा आला होता. बुडालेल्या गावातलाच माणूस, आता काठावर नव्या वसाहतीत राहायचा आणि मासे धरायचा. त्यानं होडीमागं दोरीनं एक काहील बांधून आणली होती. गूळ करायची, भली रुंद, लोखंडी, रसाच्या आणि चुलीच्या काजळीनं माखलेली.

"सायबांनी सांगिटलं, तुमाला काहील पायजे म्हून," भरमा म्हणाला. "आमच्या गुऱ्हाळातली हाय. गुऱ्हाळ गेलं पाण्यात, ही तेवढी तरंगत ऱ्हायली."

काहिलीसाठीच तर सिद्राम आला होता. त्याचा बाप वेदगंगेकाठच्या गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालायचा. पूर आला की गुऱ्हाळ बंद, आणि काहिलीची होडी व्हायची. माणसं, शेळ्या, धान्याची पोती, सगळं काहिलीतून या काठाचं त्या काठाला जायचं. ते उरकलं की पोरांचा खेळ. कडेला टेकून बसायचं, हातात फळीचं वल्हं, मागून लाट आली की अंग मागं टाकायचं. मग ती लाट काहिलीला खालून उचलायची आणि गोल गोल फिरवत पार लांब नेऊन सोडायची. या खेळाला काही नाव नव्हतं. पण सिद्रामला आयुष्यात त्याच्याइतकं दुसरं काही नीट जमलं नव्हतं.

यात एकच गोम असते. माणूस काहिलीच्या एका कडेला बसला की समोरची कड वर उचलते आणि काहील त्यालाच पाण्यात ओतून देते. म्हणून समोर दुसरा माणूस लागतो. तो नसला तर दगडांचं पोतं ठेवायचं. त्याला गुऱ्हाळातली माणसं जोड म्हणतात. भरमानं सिद्रामला डोळ्यांनीच तोललं आणि गोणपाटात दगड भरून दिले.

"ही तुमची जोड. हिला सोडून पाण्यात जाऊ नगासा."

"मी काहिलीतच वाढलोय, भरमाअण्णा."

"मग झालंच की," भरमा म्हणाला आणि गेला.

३

दुपारी वारा सुटायचा. धरणाचं पाणी तिथं चांगलं रुंद होतं, त्यामुळं लाटा धरायच्या. सिद्राम रोज जेवून काहिलीत बसायचा, वाऱ्याच्या बाजूला वल्हवत जायचा आणि लाटांवरून परत यायचा. सुरुवातीला अंग विसरलं होतं, दोनदा पाण्यात पडला. मग जमू लागलं. परत आल्यावर तो पोहायचा, भात टाकायचा, खायचा आणि झोपायचा. दुःख कमी झालं असं नव्हे. पण काहिलीत असताना ते समोर येऊन बसत नव्हतं, एवढं खरं.

एका पहाटे पाऊस झाला आणि काहील अर्धी भरली. सिद्रामनं सकाळी ती काठावर ओढली, जोड बाहेर काढली, तर गोणपाट कुजून फाटलेलं. दगड नंतर भरू म्हणून त्यानं पाणी उपसलं, काहील धुतली. तेवढ्यात वारा सुटला. नेहमीपेक्षा लवकर आणि जोराचा. असल्या लाटा त्याला पहिल्या दिवसापासून हव्या होत्या. तो काहील ढकलून आत बसला आणि निघाला.

काय दुपार होती ती! लाट उचलायची, काहील फिरायची, डोंगर, खोली, काठ, पुन्हा डोंगर असं सगळं डोळ्यांपुढून वाहत जायचं. सिद्राम मोठ्यानं हसला. वैशाखापासून पहिल्यांदा. आपलाच आवाज ऐकून तो दचकला आणि मग पुन्हा हसला.

बेटाला लागल्यावर तो उतरला आणि सवयीनं जोड बघायला वळला. काहील रिकामी होती. फाटलेलं पोतं आणि दगड काठावर सकाळी ठेवले तिथंच पडले होते.

४

विज्ञानाचा मास्तर घाबरत नाही, कारण शोधतो. सिद्राम कारण शोधायला बसला.

काहिलीला एके ठिकाणी जाड पत्र्याचं ठिगळ मारलेलं होतं. ठीक. आपण नेमके ठिगळाच्या समोर बसलो असू, त्याच्या वजनानं तोल राहिला असेल. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम ठिगळावर बसला. समोर काही नाही. काहील सपाट. तो बाजूला सरकला, काहील सपाट. मग लाटांमुळं असेल म्हणून सकाळी वारा पडलेला असताना, पाणी ताटासारखं असताना बसला. काहील सपाट. समोरची कड जितकी पाण्याबाहेर, तितकीच त्याची.

मग त्यानं मनाशी ठरवलं की काहिलीचा तळ मध्ये खोलगट झालाय आणि तोल त्यामुळं राहतोय. हे कारण फारसं पटणारं नव्हतं. वर्गात एखाद्या पोरानं दिलं असतं तर त्यानं त्याला बाकावर उभं केलं असतं. पण त्याला तेवढ्यावर भागवायचं होतं.

संध्याकाळी तो खोलीत बाजेवर पडला होता. दाराच्या फटीतून पाणी दिसत होतं. खाली काठाला बांधलेल्या काहिलीवर पाणी थापट्या मारत होतं, त्याचा ठण् ठण् असा बारीक आवाज येत होता. मग आवाज बदलला. लोखंड भरलेलं असलं की आवाज बसका येतो. रिकाम्या आणि भरल्या हंड्याचा फरक कुणालाही कळतो. तो बसका आवाज बराच वेळ येत राहिला. सिद्राम उठून बघायला गेला नाही.

५

इथं सिद्रामच्या मनात जे आलं ते कुणाच्याही मनात आलं असतं, तेव्हा त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याला वाटलं, सुनंदा आहे.

तसं तो भूतखेत मानत नव्हता. घरात बाबासाहेबांचा फोटो, बापानं देवाऱ्यातले टाक नदीत सोडलेले, आणि सिद्राम स्वतः शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं देणारा. पण माणूस गेलेल्या माणसाची वाट बघत असतो तेव्हा त्याचं शिक्षण थोडा वेळ बाहेर जाऊन उभं राहतं. तो दुसऱ्या दुपारी काहिलीत बसला आणि समोरच्या रिकाम्या कडेकडं बघून म्हणाला, "पाण्याला भीत होतीस की गं तू."

त्यानं वल्हं मारलं. काहील सपाट राहिली, एवढंच.

मग तो रोज बोलू लागला. दवाखान्यात बोलायचं राहून गेलेलं बोलला. यशूबद्दल बोलला. तिला उचलून घ्यायला हात पुढं होत नाहीत हे सांगताना तो रडला, वल्हं मांडीवर ठेवून, भर पाण्यात. त्या दिवशी त्याला कित्येक महिन्यांनी खरी भूक लागली. पोरीची आठवण झाली ती छातीत कळ न येता झाली. आता गेल्यावर आधी तिला उचलायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

म्हणजे औषध लागू पडलं होतं. आक्का म्हणाली तसा तो माणसात येत होता.

६

भरमा कांदे-बटाटे आणि रॉकेल घेऊन आला, तेव्हा होडीतून उतरायच्या आधीच त्यानं विचारलं, "पाव्हणं कुटं हायत?"

"कुठले पाहुणे?"

"आता गं बया. काल दोघं काहिलीत न्हवता का? मी पल्याड जाळं टाकत हुतो. म्हटलं, बरं झालं, मास्तरांस्नी जोडीदार घावला."

"बाई होती का?" सिद्रामच्या तोंडून निघून गेलं.

भरमानं त्याच्याकडं नीट बघितलं. "बाई कशापायी आसंल? बाप्याच की. लांबनं दिसलं त्ये सांगतो. एकाकडं वल्हं हुतं, दुसऱ्याकडं न्हवतं. न्हायतर दोघं येकच." तो होडीकडं वळला. मग सामान उतरवत म्हणाला, "उन्हाचं दिसतं आसलं. तुमी लई बारीक झालायसा, मास्तर. जेवता न्हवं?"

सिद्राम म्हणाला, जेवतो. आणि जेवत तर होताच.

भरमा चिखलातून होडी ढकलून गेला. त्याच्या पावलांचे खळगे घोट्याएवढे खोल उमटले आणि त्यात पाणी भरलं. सिद्राम त्याच्या शेजारीच उभा होता. तो बाजूला झाला आणि त्यानं खाली बघितलं. त्याच्या पायांखाली चिखल नुसता दबल्यासारखा झाला होता.

७

सातवीच्या पुस्तकात तरफेचा धडा आहे. सी-सॉवर दोघं टेकूपासून सारख्या अंतरावर बसले आणि फळी सपाट राहिली, तर दोघांचं वजन सारखं. सिद्राम हा धडा दरवर्षी शिकवायचा. हाच हिशोब आपण काहिलीला कसा लावला नाही, याचं त्याला नवल वाटलं.

त्यानं काहील काठावर ओढली आणि सकाळच्या उन्हात आतून बघितली. काजळीवर गाळाचा पातळ थर बसला होता. तो बसायचा तिथं थर पुसला जाऊन लोखंड उघडं पडलं होतं, आणि पुढं टाचा रोवायच्या तिथं दोन चट्टे. समोरच्या कडेलाही तसंच. बसण्याची जागा, टाचांचे दोन चट्टे. कडेपासून तितकंच अंतर. सिद्रामची डावी टाच लहानपणी भाजल्यामुळं जरा तिरकी टेकायची. समोरचा चट्टाही तिरका होता.

सुनंदा काडीसारखी होती. तिचं वजन याच्या निम्मंही भरलं नसतं. इतके दिवस तो तिच्याशी बोलला होता, पोरीबद्दल, हातांबद्दल, सगळं मनातलं. ते तिनं ऐकलंच नव्हतं. दुसऱ्याच कुणी ऐकलं होतं.

त्यानं काहील पाण्यात ढकलून दोरीनं बांधली आणि ठरवलं की आता तिच्यात पाय ठेवायचा नाही. सुट्टीचे थोडेच दिवस उरले होते. शेवटच्या दिवशी भरमा होडी घेऊन येणारच होता. तोवर खोलीत बसायचं, पोहायचं तर काठाकाठानं.

दुपारी वारा सुटला. सिद्राम खोलीच्या दारात उभा होता. काहील रिकामी होती. रिकामी काहील लाटांवर हलायला हवी, वर-खाली व्हायला हवी. ती एका बाजूला कलली होती. पलीकडची कड पाण्याला टेकली होती, अलीकडची हवेत उचललेली. तशीच ती राहिली. जोडीदाराची वाट बघत बसलेलं माणूस जितका वेळ बसेल, तितका वेळ.

८

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सिद्राम पिशवी भरून काठावर बसला. भरमाची होडी आली नाही. ऊन कललं तरी आली नाही. मग पलीकडच्या काठावर दोन माणसं दिसली. एक हिरवं लुगडं, आणि त्याच्या शेजारी लाल फ्रॉक. लाल फ्रॉक उड्या मारत होता.

"आप्पा!" पाण्यावरून बारीक हाक आली. "आप्पा, ये की!"

सिद्राम उभा राहिला. यशूला उचलून घ्यावं, तिच्या केसातला खोबरेल तेलाचा वास घ्यावा, असं त्याला इतकं वाटलं की त्याचे हात दुखू लागले. हेच तर हवं होतं. एवढ्यासाठीच तो आला होता. तिला आता अर्धा तास काठावर ताटकळत ठेवणं, उद्यापर्यंत ठेवणं, त्याच्यानं होईना. पोहून जाण्याइतकं पाणी अरुंद नव्हतं.

काहील बांधलेली होती. अंतर ते काय, भर उजेड, समोर आपली माणसं. सिद्रामनं पिशवी आत टाकली, नजर वल्ह्यावर ठेवली आणि बसला. काहील सपाट झाली.

त्यानं मान वर केली नाही. वल्हं पाण्यात घालायचं, ओढायचं, उचलायचं. समोरून श्वास ऐकू येतोय असं वाटलं तेव्हा त्यानं मोठ्यानं पाढे म्हटले. वल्हं जड लागत होतं. नंतर नंतर तर दोन्ही हातांनीही उचलेना, आणि तरीही काहील काठाकडं चाललीच होती. तानीबाईच्या बांगड्या ऐकू येऊ लागल्या. यशूचं "आला, आला" ऐकू येऊ लागलं.

काहिलीला पुढं-मागं नसतं. काठाजवळ आल्यावर ती लाटेनं अर्धी फिरली आणि समोरची कड आधी चिखलाला लागली.

तेव्हा सिद्रामनं बघितलं. पाठ दिसली. पांढरा सदरा, मानेवरचे केस निपाणीच्या न्हाव्यानं कापलेले. तो माणूस पिशवी घेऊन उतरला. डावा पाय किंचित तिरका टाकत, चिखलात घोट्याएवढे खळगे पाडत तो वर गेला. त्यानं पिशवी खाली ठेवली, वाकला, आणि पळत आलेल्या यशोधराला उचलून छातीशी धरलं. घट्ट धरलं. तिच्या केसात तोंड खुपसलं.

तानीबाईनं पदर डोळ्यांना लावला. "आलास रं बाबा," ती म्हणाली. "आलास एकदाचा माणसात."

सिद्राम ओरडला. आक्का म्हणून ओरडला, यशू म्हणून ओरडला. उठायला गेला, तर पायाखाली काही लागेना. चिखलाला टेकलेली कड सुटली. काहील वाऱ्यानं काठापासून निघाली.

तानीबाई पाण्याकडं बघत होती. सरळ त्याच्याकडं. "आरं, ती काहील चालली बग. धर की. लोकाची हाय."

"जाऊ दे आक्का," तो माणूस म्हणाला. आवाज चांगला मोकळा होता. "रिकामी हाय. भरमाअण्णा आणील उद्या."

ते चढण चढू लागले. यशोधरानं बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकली होती. काहील लांब जात होती, वाऱ्यानं फिरत होती, कुठल्याच बाजूला कलत नव्हती. पोरगी थोडा वेळ तिच्याकडं टक लावून बघत राहिली. मग तिनं बापाच्या मानेभोवती दोन्ही हात टाकले आणि डोळे मिटून घेतले.